पान उघडत नाही, प्रोफाइल दिसत नाही: मंडळाच्या संकेतस्थळावरील बिघाड कसा शोधावा

मंडळ, माजी विद्यार्थी संघ, वाचनालय किंवा गिर्यारोहकांचा गट यांच्या सदस्यांसाठी संकेतस्थळ उभारताना वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली आणि त्यावर बडीप्रेस हे प्लगइन (जादा सोयी देणारा जोडभाग), ही जोडी अनेकदा निवडली जाते. दोन्ही विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत. वर्डप्रेस २००३ मध्ये आले आणि बडीप्रेसची पहिली आवृत्ती २००९ मध्ये निघाली. सदस्यांची यादी, प्रत्येकाचे प्रोफाइल, गट, आपसांतील संदेश आणि घडामोडींची नोंद एवढे सारे त्यातून मिळते. उभारणी एखाद्या रविवारी उरकते, तक्रारी सोमवारपासून येऊ लागतात, आणि त्याही बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘साइट चालत नाही’ एवढ्याच तीन शब्दांत.

या तीन शब्दांवरून लगेच सेटिंग्ज बदलायला बसू नये. मंडळाचे संकेतस्थळ सांभाळताना माझा सर्वाधिक वेळ वाया गेला तो बिघाड अवघड होता म्हणून नव्हे, तर मी प्रत्येक पान अ‍ॅडमिन म्हणून पाहत होतो म्हणून. अ‍ॅडमिनला दिसणारे संकेतस्थळ, साध्या सदस्याला दिसणारे आणि लॉग-इन न केलेल्या पाहुण्याला दिसणारे, ही तीन वेगळी संकेतस्थळे आहेत असेच समजावे. म्हणून पहिल्याच दिवशी एक साधे सदस्यखाते चाचणीसाठी उघडून ठेवावे, त्याला कोणतेही जादा अधिकार देऊ नयेत, आणि तक्रार आली की तेच पान तीन प्रकारे उघडून पाहावे: एका ब्राउझरमध्ये अ‍ॅडमिन, दुसऱ्यात चाचणी-सदस्य आणि खासगी खिडकीत पाहुणा. तिघांनाही पान दिसत नसेल तर दोष पानात किंवा सर्व्हरवर असतो. एकालाच दिसत नसेल तर तो अधिकारांत, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये किंवा कॅशेमध्ये (वेगासाठी साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रतींत) असतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी डेटाबेस आणि फाइली या दोन्हींचा बॅकअप घ्यावा, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण पुढे एक गोष्ट अशी येणार आहे की जी परत फिरवता येत नाही.

पाने

पान तिघांनाही ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडत नाही’, असे दाखवत असेल, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधील परमालिंक्स या पानावर जाऊन काहीही न बदलता फक्त ‘सेव्ह’ करावे. त्यामुळे दुव्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि विशेषतः प्लगइन अद्ययावत केल्यानंतर हरवलेली पाने बहुतेक वेळा एवढ्यानेच परत येतात. तरीही मुखपृष्ठ उघडते आणि आतले एकही पान उघडत नाही अशी स्थिती असेल, तर अपाचे सर्व्हरवर दुव्यांचे नियम ठेवणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल जागेवर आहे का आणि वर्डप्रेसला तीत लिहिता येते का, हे पाहावे. एन्जिनएक्स सर्व्हर ही फाइल वाचतच नाही. तिथे दुव्यांचे नियम सर्व्हरच्या मांडणीतच घालावे लागतात आणि ते काम होस्टिंग देणाऱ्याकडून करून घ्यावे लागते.

बडीप्रेसची १२वी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि दुवे हाताळण्याची तिची पद्धतच बदलली. त्यापूर्वी सदस्य, गट, नोंदणी यांसाठी साधी वर्डप्रेस पाने जोडावी लागत आणि ती जोडणी ‘पेजेस’ या टॅबमध्ये होत असे. आता त्या जागी ‘यूआरएल्स’ हा टॅब आहे. त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून ‘पेजेस’ टॅब शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि जुन्या पद्धतीवर विसंबलेली काही पूरक प्लगइन मधेच अडतात. अशा वेळी ‘बीपी क्लासिक’ हे बडीप्रेसच्याच चमूने दिलेले प्लगइन बसवले की जुनी पद्धत परत मिळते.

नोंदणीच्या पानाचा घोटाळा मात्र निखळ नजरेचा आहे. अ‍ॅडमिन स्वतः लॉग-इन असताना ‘नोंदणी’वर टिचकी मारतो, दुसऱ्याच पानावर फेकला जातो आणि पान बिघडले असे ठरवून मोकळा होतो. वस्तुतः लॉग-इन असलेल्या व्यक्तीला नोंदणीचे पान दाखवायचेच नाही, अशीच बडीप्रेसची रचना आहे. पाहुणाही असाच परत फेकला जात असेल, तर सामान्य सेटिंग्जमध्ये ‘कोणीही नोंदणी करू शकतो’ या पर्यायापुढे खूण केलेली आहे का ते पाहावे. नव्या संकेतस्थळावर ती नसते.

पान पूर्ण कोरे येत असेल, तर अंदाज बांधत बसू नये. वर्डप्रेसच्या ५.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, संकेतस्थळ बंद पाडणारी चूक (‘फेटल एरर’) झाल्यास अ‍ॅडमिनच्या ईमेलवर दुरुस्तीसाठी खास दुवा येतो आणि त्यात दोषी प्लगइनचे नावही बहुधा असते. तो दुवा मिळाला नाही, तर डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या मुख्य सेटिंग्जच्या फाइलमध्ये चुका नोंदवण्याची सोय चालू करावी, मात्र त्या पडद्यावर न दाखवता नोंदवहीच्या फाइलमध्येच जातील असे पाहावे. प्लगइनांपैकी दोषी कोण हे शोधण्यासाठी ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हे प्लगइन उत्तम आहे, कारण ते इतर प्लगइन फक्त तुमच्यापुरती बंद करते आणि सदस्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

सक्रियतेचा ईमेल आणि न दिसणारे सदस्य

नोंदणी केलेल्या माणसाला खाते सक्रिय करण्याचा ईमेल मिळाला नाही, ही सगळ्यात वारंवार येणारी तक्रार आहे. वर्डप्रेस स्वतःहून सर्व्हरच्या साध्या मेल-सोयीने ईमेल पाठवते, पाठवणारा म्हणून डोमेनवरचा, बहुधा अस्तित्वातच नसलेला पत्ता लावते, आणि असा ईमेल स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच अडवला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एका खातरजमेची मागणी केली आहे. म्हणून एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची प्रमाण पद्धत) वापरणारे प्लगइन बसवून खऱ्या मेलपेटीतून ईमेल पाठवावेत आणि डोमेनच्या डीएनएस नोंदींत ही दोन्ही ओळखपत्रे घालावीत. स्वस्त होस्टिंगवर दर तासाला किती ईमेल जाऊ शकतात याला मर्यादा असते. एरवी ती जाणवत नाही, पण गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात शंभर कुटुंबे एकदम नोंदणी करू लागली की निम्म्या लोकांना ईमेल पोहोचत नाही आणि कार्यकारिणीला वाटते की संकेतस्थळच बंद पडले. तोवर सदस्यांना ताटकळत ठेवण्याचे कारण नाही. वापरकर्त्यांच्या विभागात प्रलंबित नोंदण्यांची यादी असते. तिथून ईमेल पुन्हा पाठवता येतो किंवा ओळख पटलेल्या माणसाचे खाते थेट सक्रिय करता येते.

दुसरी तक्रार अधिक बुचकळ्यात टाकणारी असते. जुन्या वहीतून किंवा एक्सेलमधून तीनशे सदस्य आयात केले, वर्डप्रेसच्या वापरकर्त्यांत तीनशे नावे दिसतात, पण बडीप्रेसच्या सदस्ययादीत जेमतेम दहा. येथे काहीही बिघडलेले नसते. ही यादी ‘अलीकडे सक्रिय’ या क्रमाने लागते आणि ज्याने एकदाही लॉग-इन केलेले नाही त्याच्या नावापुढे सक्रियतेची नोंदच नसल्यामुळे तो तीत येत नाही. लोकांनी एकदा आत येऊन जाणे हाच सरळ उपाय आहे, आणि माझ्या मते तो इष्टही आहे. ज्याने संकेतस्थळ पाहिलेलेही नाही त्याचे नाव त्याला न विचारता यादीत झळकवणे बरे नव्हे.

प्रोफाइलचे रकाने

रकाना बनवला, पण नोंदणीच्या अर्जात तो येत नाही, असे झाल्यास प्रोफाइल फील्ड्सच्या पानावर ‘साइनअप फील्ड्स’ हा टॅब पाहावा. तिथे ओढून ठेवलेले रकानेच अर्जात येतात. याउलट, संकेतस्थळ चालू झाल्यावर एखादा नवा रकाना ‘अनिवार्य’ म्हणून घातला, तर जुन्या सदस्यांना त्याच गटातील दुसरी कोणतीही दुरुस्ती जतन करता येत नाही, आणि ते ‘माझा पत्ता बदलत नाही’ अशी तक्रार करतात. दोष पत्त्याच्या रकान्यात नसून खाली रिकाम्या राहिलेल्या ‘रक्तगट’ या रकान्यात असतो.

परत फिरवता न येणारी गोष्ट ती हीच: रकाना काढून टाकला की त्यात सर्व सदस्यांनी भरलेली माहितीही त्याच्याबरोबर जाते. नाव चुकले असेल तर नाव बदलावे. रकाना काढून नवा करू नये.

कोणता रकाना कोणाला दिसावा, हा प्रश्न तांत्रिक कमी आणि विश्वासाचा अधिक आहे. प्रत्येक रकान्याला सर्वांना, सर्व सदस्यांना, मित्रांना किंवा फक्त स्वतःला दिसण्याची सोय आहे, आणि काही न ठरवल्यास तो सर्वांना, म्हणजे पाहुण्यांनाही, दिसतो. भ्रमणध्वनी आणि जन्मतारीख यांचे रकाने बनवतानाच बंदिस्त करावेत. येथेही अ‍ॅडमिनची नजर फसवते, कारण त्याला सारे रकाने दिसतात. लपवलेला क्रमांक खरोखर लपला आहे का, हे फक्त चाचणी-सदस्य आणि पाहुणा सांगू शकतात. आणखी एक छुपी गळती वापरकर्तानावातून होते. आयात करताना ईमेललाच वापरकर्तानाव केले, तर प्रोफाइलच्या दुव्यात तोच पत्ता फक्त चिन्हे गाळून उमटतो आणि कोणालाही वाचता येतो.

छायाचित्र चढत नाही याची कारणे ठरलेली आहेत. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि आजच्या फोनने काढलेले छायाचित्र ती सहज ओलांडते. आयफोन २०१७ पासून छायाचित्रे हाइक (एचईआयसी) स्वरूपात साठवतो आणि बडीप्रेसला जेपीईजी, पीएनजी किंवा जीआयएफ लागते. आणि अपलोड्स फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार नसेल तर कोणतेच छायाचित्र चढत नाही.

देवनागरीच्या खास अडचणी

इंग्रजी मदतपानांवर हा भाग सहसा सापडत नाही, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो. वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरून दुवा बनवते आणि त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आणि हलन्त सुटे धरले जाते व टक्केवारीच्या चिन्हांसह नऊ जागा घेते. म्हणजे साधारण बावीस घटकांनंतर दुवा तुटतो. ‘गणेशोत्सव कार्यकारिणी निवडणूक’ या शीर्षकाचा दुवा ‘गणेशोत्सव-कार्यकारिणी-नि’ येथे संपतो, आणि उद्या ‘गणेशोत्सव कार्यकारिणी नियमावली’ हे पान केले की तेही त्याच तुकड्यावर थांबते, त्यामुळे वर्डप्रेसला त्याच्यापुढे आकडा लावून वेगळेपण आणावे लागते. शीर्षक मराठीत ठेवावे आणि दुवा मात्र रोमन अक्षरांत, आखूड, हाताने लिहावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतानाही तो टक्क्यांची रांग होत नाही. वापरकर्तानाव देवनागरीत चालत नाही, तेव्हा तो आग्रह सोडून प्रदर्शनाचे नाव मराठीत ठेवावे.

सदस्यांच्या शोधात ‘कऱ्हाडकर’ सापडत नसतील, तर कीबोर्डकडे पाहावे. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: एक खास ‘ऱ’ घेऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि जोडणीचे अदृश्य चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या अक्षरमाला आहेत, त्यामुळे एकाने टंकलेले आडनाव दुसऱ्याच्या शोधात सापडेलच असे नाही. नावाचा एक जादा रकाना रोमन लिपीत ठेवला की हा प्रश्न व्यवहारापुरता सुटतो.

मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येत असतील, तर डेटाबेसच्या अक्षरसंचात देवनागरी बसलेली नाही आणि मूळ मजकूर बहुधा गेलेला आहे. विचित्र युरोपीय अक्षरांची माळ येत असेल, तर मजकूर शाबूत असून चुकीच्या संचातून वाचला जात आहे आणि तो जाणकाराकडून परत मिळवता येतो. दोन्हींवर उपाय म्हणून डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ या संचात असावा. शीर्षकांची शिरोरेषा तुटलेली दिसत असेल, तर थीममध्ये (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्यात) अक्षरांतील अंतर वाढवलेले असते. ते शून्य करावे. ओळींमधील अंतर कमी पडले की रफार आणि उकार कापले जातात, म्हणून तेही इंग्रजीपेक्षा थोडे अधिक ठेवावे.

कॅशे

एकदा आमच्या एका सदस्याने कळवले की लॉग-इन केल्यावर वरच्या पट्टीत भलत्याच बाईंचे नाव येते. मला ते अशक्य वाटले, कारण माझ्या पडद्यावर माझेच नाव होते. चाचणी-सदस्य म्हणून आत गेल्यावर मलाही तेच नाव दिसले. वेग वाढवण्यासाठी बसवलेले कॅशेचे प्लगइन लॉग-इन केलेल्या एका सदस्याचे पान साठवून ते पुढच्या प्रत्येकाला वाढत होते, आणि फक्त अ‍ॅडमिनला वगळत होते. असे काही दिसताच कॅशे आधी पूर्ण बंद करून रिकामी करावी आणि कारण नंतर शोधावे, कारण प्रत्येक मिनिटाला कोणाचा तरी संदेश दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. पुन्हा चालू करताना लॉग-इन केलेल्यांसाठी पाने साठवू नयेत ही सूचना प्लगइनमध्ये, होस्टिंगच्या कॅशेमध्ये आणि क्लाउडफ्लेअरसारखी, मधे राहून पाने पुरवणारी, सेवा वापरत असल्यास तिथेही द्यावी. सदस्य, गट, संदेश, नोंदणी आणि सक्रियता यांचे दुवे तर सर्वांसाठीच वगळावेत. त्यानंतर दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन वेगळे सदस्य म्हणून लॉग-इन करून एकच पान आळीपाळीने चार-पाच वेळा उघडावे. दर वेळी आपापलेच नाव आले, तर सदस्यांना पुन्हा आत येऊ द्यायला हरकत नाही.