मशीनवाला फोन उचलत नाही? घरी पेशंट असताना काय करायचं

"गाडी घाटात आहे ओ, पोचतेच." घरी ऑक्सिजन मशीन, बायपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) नाहीतर पेशंटचा बेड भाड्याने आणलेल्या कोकणातल्या माणसाने हे एकदा तरी ऐकलेलं असतं. सप्लायर बहुतेक कोल्हापूरचा नाहीतर मुंबईचा, पावसात घाटात दरड आली की खरंच अडकतो, पण जानेवारीतही गाडी घाटातच असेल तर समजून जा.

सगळ्यात आधी पेशंट, भांडण नंतर. मशीन बंद पडलं तर बोटाला ऑक्सिमीटर लावा, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली जात असेल किंवा दम लागत असेल तर सप्लायरला फोन लावत बसू नका, 108 ला लावा.

दुसरं म्हणजे बॅकअप, आणि हा मशीन आणतानाच करायचा. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, विजेवर चालतो, आणि आपल्याकडे वादळात झाड तारांवर पडलं की लाइट कधी येईल ते देवाला ठाऊक, तौक्ते आणि निसर्ग दोन्ही वेळी बघितलंय आपण. म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात हवाच. छोट्या बी टाइपमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतो, मिनिटाला 2 लिटरने चालवला तर जेमतेम 12 तास. सिलिंडर आला की फ्लोमीटर (मिनिटाला किती लिटर जातो ते दाखवणारा) आणि उघडायचा पाना सोबत आलाय का ते बघा, पाना विसरून जाणारे महाभाग आहेत. आणि देवघरातल्या समईपासून, गॅसच्या शेगडीपासून तो लांब ठेवा.

आता मशीन दारात आलं की डिलिव्हरीवाल्या पोराला लगेच सोडू नका, चहा द्या पाहिजे तर, पण त्याच्यासमोर मशीन चालू करा. सीरियल नंबरचा फोटो काढा. बऱ्याच मशीनवर किती तास चाललंय त्याचा मीटर असतो, त्याचाही फोटो काढा. आतला झिओलाइट, म्हणजे हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे, दमट हवेने खराब होतो, मग मशीन घरघरतं छान, पण ऑक्सिजन कमी देतं. चांगल्या मशीनमधून 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन यायला हवा, शुद्धता कमी झाल्याचा दिवा बहुतेक मॉडेलला असतो, तो पेटतोय का बघा. मागचा जाळीचा फिल्टर मात्र आपणच धुवायचा, नाहीतर सप्लायरला आयतं कारण मिळतं.

पावती घ्याच. डिपॉझिट किती, भाडं कुठल्या तारखेपासून, बंद पडलं तर किती तासांत बदलून देणार, हे सगळं कागदावर. "ओळखीचा आहे, कशाला कागद" असं काका-मामा म्हणतील, म्हणू देत.

बिघाड झाला की फोन करा, पण फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर पण टाका. मेसेज असा: "दादा, आज सकाळी 7 पासून मशीन अलार्म देतंय, व्हिडिओ पाठवलाय. उद्या 11 पर्यंत बदलून द्या, नाहीतर मी दुसरीकडून घेतो, त्या दिवसांचं भाडं देणार नाही." शिव्या नकोत, टोमणे नकोत, पुढे हाच मेसेज पुरावा होतो. भाडंही गूगल पे किंवा फोन पे वरूनच, रोख दिलेल्या पैशाची आठवण कोणाला राहत नाही.

तरी दाद देत नसेल तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस. लोकांना वाटतं सप्लायर कोल्हापूरचा तर केस कोल्हापुरात, तसं नाही, 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतं. मुदत 2 वर्षं. डिपॉझिट बुडवणारे बरेचदा आयोगाचं नाव ऐकूनच पैसे टाकतात.

सप्लायर बदलायचा ठरला तर तुमच्या डॉक्टरांना, गावातल्या मेडिकलवाल्याला विचारा, ज्याच्या घरी आधीपासून मशीन आहे त्याला तर नक्की. गणपतीच्या आत उरका, नंतर कोण फोन उचलणार नाही. आणि नवीन मशीन एक रात्र नीट चालल्याशिवाय जुनं उचलू देऊ नका, नेताना सही-शिक्क्याचा कागद आणि डिपॉझिट दोन्ही हातात घ्या, मगच दार उघडा.