हुरड्याच्या दिवसांतली राखण: अंधारात बघायला दुर्बीण कोणती घ्यावी

डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यावर येते, हरभऱ्याला घाटे धरतात आणि दिवस मावळला की डुकरं अन् रोही (नीलगायी) रानात उतरतात. बालाघाटाच्या कडेला बीड-धाराशिवकडं तसंच, किनवट-माहूरकडंही तसंच.

या दिवसांत एक गोष्ट हमखास विचारली जाते. शेतरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, तिच्यावर अंधारात दिसणारी दुर्बीण कोणती बसवू? माझं सांगणं असं, की दुर्बीण जरूर घ्या, पण गळ्यात अडकवायची घ्या. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघायचं म्हणजे समोर जे असेल त्याच्यावर नळी रोखूनच बघावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही माळ्यावर बसलो होतो. पलीकडं गव्हाच्या बांधाशी काळं काहीतरी वाकून हलत होतं. बरोबरचा पोरगा 'डुक्कर, डुक्कर' करायला लागला. दुर्बीण लावली तर शेजारचे काका, घोंगडी पांघरून गव्हाला पाणी द्यायला दारं धरत होते! रात्रीची लाइन, बॅटरी विझलेली, ओणवे होऊन खोऱ्यानं माती ओढत होते. आमच्या हातात गोफणच होती, तरी अंगावर काटा आला. शिवाय रानडुक्कर काय नि रोही काय, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय मारणं गुन्हाच आहे.

आता खरेदीचं. दुर्बिणीवर 8×42, 10×50 असे आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. 7×50 ला सातच्या वर येतात, 8×42 ला सव्वापाच, 10×50 ला पाच, खिशातल्या 10×25 ला अवघे अडीच. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेड डोळ्यात शिरतो. अंधारात तरण्या माणसाची बाहुली सातएक मिलिमीटर उघडते, पन्नाशी-साठीत पाचच्या आसपास. म्हणून वडीलधाऱ्यांच्या गळ्यात 7×50 चं ओझं कशाला? त्यांना 8×42 पुरते. दहा पटीची हातात थरथरते, आणि स्वस्तातली झूमवाली तर संध्याकाळी काळी पडते. लालभडक भिंगांची घेऊच नका.

दुकानात भरदुपारी सगळ्याच चांगल्या वाटतात. दिवेलागणीला जा आणि लांबच्या झाडाखालच्या सावलीत काय दिसतं ते बघा. मग दुर्बीण उजेडाकडं करून हातभर लांब धरा आणि डोळ्याकडच्या काचेत बघा. तिथला उजेडाचा ठिपका पुरता गोल हवा. कडा कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर आतली काच हलक्या प्रतीची. बीएके-4 (आतल्या काचेची चांगली जात) लिहिलेली मागा. एक ध्यानात ठेवा, साधी दुर्बीण उजेड तयार करत नाही. तिन्हीसांजेला, पहाटे, चांदण्यात ती कामाची. अवसेच्या काळोखात नाही.

डोळ्यालाही अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइल एकदा उघडला की ती मोडते. बॅटरीच्या तोंडाला लाल कागद बांधा. पहाटे दंव पडतं, म्हणून आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी बरी. काच उपरण्यानं पुसू नका, मातीच्या कणांनी चरे पडतात. आधी मऊ ब्रशनं धूळ उडवा.

डुकरं दिसली तर माळ्यावरूनच हलगी, डबे वाजवा. बिबट्या वाटला तर खाली उतरूच नका, गावात फोन लावा. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती. कुंपणाला घरची लाइन जोडण्याचा विचार तर मनातही आणू नका, त्यात दारं धरणारा माणूसच जातो.

सकाळी नुकसानीचे अन् खुरांच्या ठशांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी वनरक्षकाकडं अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत त्या सऱ्यांत पाणी सोडू नका, ठसे विरघळतात.