आधी फाइंडर जुळवा

दुर्बीण हाती आल्यावर पहिले काही आठवडे चंद्र आणि गुरूपलीकडे मला काहीच सापडत नव्हतं. मी मुख्य दुर्बिणीतूनच आकाश धुंडाळायचो. 40 पट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून (डोळा लावायच्या, बदलता येणाऱ्या भिंगातून) जेमतेम सव्वा अंश आकाश दिसतं, म्हणजे अडीच पूर्णचंद्र मावतील एवढंच. फाइंडर म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण. 9×50 फाइंडर (50 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) फक्त नऊ पट मोठं दाखवतो, पण त्यात साधारण पाच अंश मावतात. शोधायचं काम त्याचं आहे.

त्यासाठी दोन्हींची नजर एकाच जागी हवी, आणि ती दिवसाउजेडी जुळवावी. एखाद्या दूरच्या मनोऱ्याचं टोक कमी क्षमतेच्या आयपीसमध्ये मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्यातल्या आडव्या-उभ्या रेषांची फुली त्याच टोकावर बसवा. सूर्याच्या दिशेला मात्र अजिबात वळू नका; फाइंडरमधूनही डोळा कायमचा जातो. रात्री ध्रुवताऱ्यावर पुन्हा तपासा. तो जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे घाई होत नाही.

मला सर्वांत जास्त अडवलं ते उलट्या चित्रानं. सरळ फाइंडरमध्ये आकाश उलटं दिसतं. नकाशाही उलटा धरला की जुळतं. काटकोनी फाइंडरमध्ये साधा आरसा असेल तर डावं-उजवं बदलतं, तिथे नकाशा कितीही फिरवा, उपयोग नाही. सुलट चित्र देणारा प्रिझमवाला फाइंडर मिळत असेल तर तोच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. लाल ठिपक्याचा फाइंडर काहीच मोठं करत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यावर दुर्बीण रोखायला तो उत्तम, पुढच्या वाटेवर अपुरा.

सरावाला स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ, एम 57, घ्या. अभिजित या ठळक ताऱ्याजवळ चार ताऱ्यांचा छोटा समांतरभुज चौकोन आहे. त्यातले अभिजितपासून लांबचे दोन तारे म्हणजे बीटा आणि गॅमा. त्यांच्यात दोनच अंशांचं अंतर असल्यानं फाइंडरमध्ये ते एकत्र दिसतात. फुली त्यांच्यामध्ये, बीटाकडे किंचित झुकती ठेवा. फाइंडरमध्ये तेजोमेघ म्हणून तिथे काही ओळखू येणार नाही, तरी फुलीवर भरवसा ठेवा. 40 पटीला एक तारा जरा फुगल्यासारखा, धूसर वाटेल. तो मध्यभागी आणून 100 पटीचं आयपीस लावा आणि नजर किंचित बाजूला वळवा, कडं उमटतं.