ठाण्याहून महापेला कार्यालय हलवल्यावर जीएसटीतील पत्ताबदल अडकला असेल तर (माझा अनुभव)

वागळे इस्टेटमधील कार्यालय महापे एमआयडीसीत हलवल्यावर आम्ही नियमाप्रमाणे १५ दिवसांच्या आत मुख्य व्यवसायस्थळ बदलण्याचा अर्ज केला. परंतु पत्त्याचा पुरावा जुळत नसल्याची आरईजी-०३ नोटीस (जीएसटी अधिकाऱ्याने खुलासा मागणारी) आली. उत्तरात अधिक स्पष्ट स्कॅन आणि पाटीचे फोटो जोडूनही अर्ज फेटाळला गेला. नव्या जागेत बसून बिलांवर जुना पत्ता छापावा लागत होता, याचा मनस्ताप फार झाला.

खरी अडचण अशी होती की करारात इमारतीचे नाव व गाळा क्रमांक होता, तर वीजबिलावर केवळ भूखंड क्रमांक आणि आधीच्या मालकाचे नाव होते.

म्हणून सर्वांत आधी सध्याच्या जागामालकाकडून संमतीपत्र घेतले, ज्यात दोन्ही पत्ते शब्दशः लिहून ती एकच जागा असल्याचे नमूद केले आणि वीजबिलाचा ग्राहक क्रमांकही घातला. त्यामागे एमआयडीसीचा हस्तांतरण आदेश, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि ताजे वीजबिल याच क्रमाने लावून एक पीडीएफ केली. माझ्या मते हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण तपासणाऱ्याला खुलासा आधी वाचायला मिळतो. मग पोर्टलवर ‘सर्व्हिसेस’, ‘रजिस्ट्रेशन’ आणि ‘अमेंडमेंट ऑफ रजिस्ट्रेशन कोअर फील्ड्स’ या मार्गाने नवा अर्ज उघडला, भूखंड क्रमांकासह पत्ता करारातल्याप्रमाणे भरला आणि कंपनी असल्याने डिजिटल स्वाक्षरीने सादर केला. तो मंजूर झाला.

आपला अर्ज अजून नोटिशीच्या टप्प्यावर असेल, तर हीच पीडीएफ ७ कामकाजाच्या दिवसांत आरईजी-०४ या फॉर्ममधील उत्तरासोबत जोडावी.