तापलेल्या पोलादाच्या ताणाचं समीकरण बसवताना

साध्या कार्बन पोलादाचे 10 मिमी व्यासाचे, 15 मिमी उंचीचे नमुने 900 ते 1200 अंश सेल्सिअसला, सेकंदाला 0.01 ते 10 विकृती-दराने (विकृती म्हणजे उंचीच्या प्रमाणात झालेला आकारबदल) दाबा. दोन्ही तोंडांना ग्रॅफाइट लावाच. नाहीतर घर्षणाने नमुना पिंपासारखा फुगतो आणि ताण (क्षेत्रफळामागे लागणारं बल) खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. वेगवान चाचणीत उलटं होतं: उष्णता आतच कोंडते, नमुना तापतो, ताण-विकृतीचा वक्र खाली घसरतो. दोन्ही दुरुस्त्या आधी करा, समीकरण नंतर.

तापमान आणि विकृती ठरावीक ठेवून विकृती-दराचा नैसर्गिक लॉगॅरिदम ताणासमोर मांडा. रेषेचा चढ म्हणजे समीकरणातला स्थिरांक बीटा. ताणाच्या लॉगॅरिदमसमोर मांडला की चढ म्हणजे दुसरा स्थिरांक, एन-एक. तिसरा, अल्फा, म्हणजे बीटा भागिले एन-एक. मग दर, ताण आणि तापमान जोडणाऱ्या साइन-हायपरबोलिक समीकरणातून सक्रियण ऊर्जा (विकृती घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर) काढा, तापमान केल्विनमध्येच घालून. ती मोलमागे 300 किलोज्यूलच्या आसपास यायला हवी. दुप्पट आली तर आधी एककं तपासा.