वृत्तात लिहायला बसलात? या चुका टाळा

वृत्तबद्ध कविता वाचून अभिप्राय द्यायचे काम अंगावर घेतले की एक गोष्ट लवकरच कळते. कवी बदलतात, चुका त्याच राहतात.

पहिली आणि सर्वांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे नुसती अक्षरे मोजणे. भुजंगप्रयात या वृत्ताच्या चरणात, म्हणजे एका ओळीत, 12 अक्षरे असतात, एवढे वाचले की लोक लिहायला बसतात. त्या बारांत य गण, म्हणजे लघू-गुरू-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ) असा तीन अक्षरांचा गट, चार वेळा यावा लागतो हे त्याच पानावर खाली छापलेले असते, पण तिथवर जायचा धीर कोणाला? एका कार्यशाळेत एका तरुणाने ओळ आणली होती: ‘उभा राहिलो मी तुझ्या दारी आज’. ओळ अडखळते आहे म्हटल्यावर त्याने बोटे पुढे केली. ‘मोजून घ्या सर, बाराच आहेत.’ होती खरी बाराच. पण दहावे अक्षर लघू हवे, आणि तिथे ‘री’ येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी तो दुरुस्ती घेऊन आला: ‘उभा राहिलो मी तुझ्या दारि आता’. आता गण बिनचूक, आणि ओळ आधीपेक्षा वाईट! ‘दारि’ तुम्ही ऱ्हस्व लिहिले तरी वाचणारा ‘दारी’च म्हणतो, आणि ‘आता’ला तिथे जागा भरण्यापलीकडे काही काम नाही. जुन्या कवींनी अशी सूट घेतली आहे, हा युक्तिवाद लगेच आला. त्यांनी अख्खी कविता पेलून मग एखाद्या ठिकाणी घेतली. तुम्ही पहिल्याच ओळीत घेताय. शेवटी अर्धा तास कुरकुर करून त्याने ‘तुझ्या अंगणाशी’ केले. ओळ सरळ चालू लागली, शिवाय दारापर्यंत न पोचलेला माणूसही दिसू लागला. अडलेला शब्द कापूनछाटून बसवू नका, तो टाकून दुसरा शोधा. मी तर अडलेली ओळ पुसून पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणतो. वेळ जातो, जाऊ दे.

‘रे’, ‘गे’, ‘हा’, ‘तो’, ‘सदा’, ‘बघ’ हे याच रोगाचे शब्द. कविता झाली की त्यांच्यावर पेन्सिलीने गोल करा. कडव्यात दोन गोल दिसले तर ते कडवे अजून झालेले नाही.

जोडाक्षराचा नियम अर्धाच पाठ असतो. त्याच्या आधीचे लघू अक्षर गुरू होते, म्हणून ‘रस्ता’मधला ‘र’ गुरू. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, तिथे ‘तु’ आणि ‘पु’ लघूच राहतात. हे कानाला कळते. मात्रा यंत्राकडून मोजून घेणाऱ्यांना मात्र कळत नाही, आणि असे लोक वाढत चाललेत. ‘यमाताराजभानसलगा’ हे गण लक्षात ठेवायचे सूत्र घोकण्याआधी मनाचे श्लोक आठवडाभर मोठ्याने म्हणा. भुजंगप्रयात जिभेवर बसेल, मग गण मोजायचे ते फक्त तपासण्यापुरते.

यति, म्हणजे ओळीतला विराम, मधोमध शब्द तोडत असेल तर ओळ बदला. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरांपैकी बाराव्यानंतर थांबायचे असते, म्हणजे शब्दही तिथे संपायला हवा. (नवशिक्यांनी या वृत्ताच्या वाटेलाच जाऊ नये. विरहाची कवितासुद्धा मंगलाष्टकासारखी ऐकू येते.)

कवितेच्या डोक्यावर वृत्ताचे नाव लिहू नका. बरोबर असेल तर गरज नाही, चुकले असेल तर पुरावा कशाला देता?

गझलेकडे वळणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. रदीफ (शेराच्या, म्हणजे दोन ओळींच्या, शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द) सांभाळतात, काफियाही (त्याच्या आधीचे यमक) सांभाळला असे त्यांना वाटते आणि अलामत (यमकाच्या अक्षराआधीचा ठरलेला स्वर) सुटते. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ‘जवळ’ आणि ‘ओंजळ’ बांधलेत की ‘ळ’च्या आधीचा ‘अ’ ठरून गेला. चौथ्या शेरात ‘आभाळ’ कितीही सुंदर येत असले तरी तिथे ‘आ’ आहे, ते चालणार नाही. त्या शब्दावर फारच जीव असेल तर मतला नव्याने लिहा, ‘आभाळ’ आणि ‘सकाळ’ घेऊन. बाकीचे शेर त्याबरोबर पडतील, ते पडू द्या. ‘एवढ्या एका मात्रेने काय बिघडते’ असे विचारणाऱ्यांना मी मुक्तछंद सुचवतो. तिथेही लय लागते, पण ते भांडण मग माझ्याकडे येत नाही.