नेतृत्वाच्या प्रश्नावर गाडी अडते ती इथे

गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझरच्या जागांसाठी मुलाखती घेतो. ‘टीममध्ये वाद झाला तेव्हा काय केलंस?’ हा प्रश्न ठरलेला. आणि घोकलेलं उत्तरही ठरलेलं, हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक.

गेल्या पावसाळ्यात पेडण्याचा एक डिप्लोमावाला मुलगा आला होता. म्हणाला, “कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मतभेद झाले. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, संवाद साधला, प्रोजेक्ट वेळेत झाला.” हीच वाक्यं त्याच्या आधीच्या मुलाने जवळजवळ तशीच म्हटली होती. मी विचारलं, “वाद कशावरून झाला?” तो पंख्याकडे बघत बसला.

नंतर कॅन्टीनमध्ये दिसला. जत्रेतल्या नाटकाचा विषय निघाला आणि गडी खुलला. मुख्य पार्ट करणाऱ्याला ऐनवेळी नाइट शिफ्ट लागली. जाणती माणसं म्हणाली, नाटक रद्द करा. याने तोच पार्ट पूर्वी केलेल्या एका काकांना गाठलं, सहा रात्री त्यांच्याकडे वही घेऊन बसला. रुसलेल्या दोघांना लाइटचं काम दिलं. प्रयोगाला स्वतः विंगेत प्रॉम्प्टिंगला उभा राहिला. नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं, पण झालं.

“अरे, हे आत का नाही सांगितलंस?”

“सर, ते गावचं नाटक. त्यात कसली लीडरशिप?”

तोवर गुण देऊन झाले होते. जागा दुसऱ्याला गेली. मला अजून चुटपुट लागते.

दुसरी चूक ‘आम्ही’ची. आम्ही ठरवलं, आम्ही केलं. मग तू काय केलंस, बाबा? उलट, प्रत्येक वाक्यात ‘मी’ घालणाऱ्याच्या हाताखाली कोण काम करील, अशी शंका येते. माझा सल्ला असा: तयारी करताना कागदावर फक्त क्रियापदं लिहायची. कुणाला फोन केला, काय मागितलं, कोण नाही म्हणालं. त्यातली आपली तेवढी बोलायची.

‘स्टार’ची पद्धत, म्हणजे उत्तर प्रसंग, जबाबदारी, कृती, निकाल या क्रमाने सांगणं, वाईट नाही. पण आदल्या रात्री मोबाइलवर वाचून आलेली मुलं प्रसंगातच दोन मिनिटं घालवतात आणि कृती एका वाक्यात गुंडाळतात. वेळ कृतीला द्या. आणि रेडीमेड उत्तरांचे व्हिडिओ कृपा करून बंद करा. आम्हीही ते बघतो.

जुन्या साहेबाची निंदा नको. ‘माझं कधी चुकलंच नाही’ तर अजिबात नको. इंग्रजीत अडखळत असाल तर कोकणीत किंवा मराठीत बोलू का, असं सरळ विचारा. आमच्याकडे तरी कुणी नाही म्हणत नाही.

तयारी आरशासमोर करू नका, आरसा प्रश्न विचारत नाही. घरात आईला गोष्ट सांगा. ती जिथे ‘मग?’ म्हणेल, तिथे तुम्ही काहीतरी गाळलेलं असतं.